बाजल्याची धार

आमच्या घरात दोन म्हशी होत्या आणि आम्ही चहा कोरा प्यायचो. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नसे. दूधवाल्याची पोरं म्हणजे गुबगुबीत असणार, असा लोकांचा समज. पण दूध विकायचं असतं, प्यायचं नसतं, हे आम्हा भावंडांना चालायला लागायच्या आधीच कळलेलं होतं. आबा पहाटे आणि दिवस मावळताना म्हशी घेऊन गंगावेशीच्या कोपऱ्यावर उभे राहायचे. गिऱ्हाईक समोर उभं राहून धार काढून घ्यायचं. चरवीतून ग्लासात आणि ग्लासातून थेट पोटात. तालमीतली पोरं, कोर्टातले कारकून, नुसते वाटेनं जाणारे पावणेसुद्धा थांबायचे. मिशीला फेस लागलेली इतकी माणसं मी बघितली, पण आमच्या घरात कुणाच्या ओठाला तो फेस लागलेला मला आठवत नाही. आमचं जेवण म्हणजे जोंधळ्याची भाकरी, खर्डा आणि संध्याकाळी ताकातल्या कण्या. कण्या शिजताना जो रट् रट् आवाज होतो, तो ऐकत आम्ही चुलीभोवती बसायचो आणि आई पळीनं सगळ्यांच्या ताटलीत सारखं सारखं वाढायची. तिचा हात मापाचा होता. कधी कुणाला जास्त आलं नाही, कधी कमी आलं नाही, आणि कधी कुणाचं पोट भरलं नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा थोरल्या म्हशीचं रेडकू गेलं. ज्यांच्या घरी म्हशी नाहीत त्यांना यात काय झालं ते कळायचं नाही. म्हशीला आधी रेडकू लावावं लागतं. त्यानं दोन ढुसण्या दिल्या, दोन घोट ओढले, की तिला पान्हा सुटतो. मग रेडकू ओढून बाजूला बांधायचं आणि धार काढायची. रेडकू नाही म्हणजे पान्हा नाही. आबा तिच्यापाशी तासन् तास बसायचे, पाठीवरून हात फिरवायचे, पेंडीचं घमेलं पुढं करायचे, कानाशी काहीबाही बोलायचे. ती मान वळवून मागं बघायची, मागं कुणी दिसलं नाही की दूध वर ओढून घ्यायची. तीन-चार महिन्यांत ती आटली. सहा माणसं एका म्हशीवर आली. आईनं कण्यांत पाणी वाढवलं. आबांनी घरात एकच सांगितलं, "शालीची परीक्षा हुईपतूर कुनी कायबी बोलायचं न्हाय." आणि खरंच कुणी बोललं नाही. 

मी पास झाले. आमच्या अख्ख्या भावकीत मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी बाईमाणूस असून बी.ए. झाले, तेही मराठी घेऊन. मी गर्विष्ठ होते, हे आता लिहायला हरकत नाही. कॉलेजात मी बाकाच्या टोकाला, खिडकीशी बसायचे, कारण माझ्या पदराला वैरणीचा वास असायचा. घरी मी "मी जातो" म्हणायची, आमच्याकडच्या सगळ्या पोरी म्हणतात तसं, आणि कॉलेजच्या फाटकात शिरले की "मी जाते". फाटकाशी चप्पल बदलावी तशी मी बोली बदलायची. एवढं सगळं करून मिळवलेलं ते पदवीचं भेंडोळं, त्याचा मला माज होता. तो असायलाच हवा होता, असं मला आजही वाटतं. फक्त तो चौथीच्या पोरांना दाखवायचा नव्हता.

त्याचं असं झालं. पेठेतल्या एका शाळेत चौथीच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्या जागी मला घेतलं, एप्रिलपर्यंत. हेडमास्तर म्हणजे जाड भिंगाचा चष्मा लावलेले, सरळ मनाचे, पण खात्याच्या कागदाला भलतेच भिणारे गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाई, तुम्ही बी.ए. आहात, चांगलं आहे. पण तुमचं ट्रेनिंग नाही. उन्हाळ्याच्या आधी तपासणीचे साहेब येतील. चौथीवर त्यांचा शेरा चांगला पडला, तर जूनपासून तुम्हाला ठेवून घ्यायला मला तोंड राहील. नाही पडला, तर माझा नाइलाज." मी घरी येऊन हे सांगितलं.  आईनं भाकरी थापता थापता एकदा वर बघितलं, एवढंच. पण त्या दिवसापासून घरातले सगळे जण त्या साहेबांची वाट बघायला लागले.

वर्ग रंकाळ्याच्या बाजूला होता. मागच्या खिडकीतून तळ्यावरचं वारं यायचं, त्यात पाणवनस्पतींचा आणि धुतलेल्या म्हशींचा वास मिसळलेला असायचा. दुपारच्या सुट्टीनंतर तो वर्ग जमिनीपासून वीतभर वर तरंगतोय असं वाटायचं. कौलांच्या फटीतून आलेले उन्हाचे कवडसे फरशीवर सरकत राहायचे, दूर कुठंतरी टांग्याची घंटी वाजायची, आणि चाळीस पोरं बसल्या बसल्या डुलायची. गुळाच्या अड्ड्यावरच्या हमालांची, चांभारांची, गवंड्यांची, दूधवाल्यांची पोरं. घरी पहाटेपासून कामाला लागलेली. मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग यायचा. मी एवढं बी.ए. होऊन यांना शिकवते आणि ही पेंगतात, असं वाटायचं.

त्या वर्षी पूरक वाचनाचं एक पातळ पुस्तक नवीन आलं होतं. साहेब नव्या पुस्तकातलंच विचारणार, अशी हेडमास्तरांची खात्री होती. त्यात एक कविता होती. कुणाची ते छापलेलं नव्हतं. ती मला आजही पाठ आहे:

एक होतं बाजलं, त्याला पाय होते चार,
सकाळी उठून म्हणालं, "मी चरायला जाणार."
वाटेत भेटली तिवई, म्हणाली, "पाय माझे तीन,
चौथा गेला लग्नाला, तो वाजवतोय बीन."

पुढं ते बाजलं, ती सुंभाची खाट, माळावर कुंदा गवत खातं, सावलीला बसून रवंथ करतं, आणि संध्याकाळी घरी येतं.

दिवस मावळता घरी आलं, धनी आला धारेला,
चरवीभरून झोप निघाली, फेस आला झोपेला.
मापानं मग वाटली झोप साऱ्या पेठेला,
चौकातलं घड्याळसुद्धा टेकलं मग उशीला.
राजा निजला, घोडा निजला, निजलं सगळं गाव,
एकटं जागं बाजलं, त्याला निजायला नाही ठाव.

मी पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा पोरं जागी झाली. सगळी. एक जण हसला, मग दुसरा. मी टेबलावर डस्टर आपटलं. कवितेला हसायचं नसतं, कवितेचा अर्थ बघायचा असतो, असं मला शिकवलेलं होतं. अर्थ नसलेली कविता पुस्तकात छापतील कशाला? आणि छापली असेल, तर अर्थ मला कळत नाही असं मी चाळीस पोरांपुढं कबूल करणार होते की काय? मी बी.ए. होते.

मग मी आमच्या शाळांतून जे सगळेच करतात तेच केलं. फळा मधोमध आखला, डावीकडं 'शब्दार्थ' आणि उजवीकडं 'भावार्थ' असं लिहिलं, आणि अर्थ तयार केले. बाजले म्हणजे कष्टकरी माणूस. माळ म्हणजे हे जग. कुंदा म्हणजे दुःख. तिवई म्हणजे मानवी जीवनातील अपूर्णता. झोप म्हणजे समाधान. कष्टकरी माणूस स्वतः दुःख पचवून जगाला समाधान देतो, असे कवीला सुचवायचे आहे. खरं सांगते, लिहून झाल्यावर मी फळ्यापासून चार पावलं मागं सरून बघितलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. रोज सकाळी एका सुरात म्हणायची, "कुंदा म्हणजे दुःख." निम्म्या पोरांनी तो कुंदा स्वतःच्या हातानं उपटलेला होता, मुळ्या लांब जातात म्हणून त्याला शिव्या घातलेल्या होत्या. पण माझ्यापुढं म्हणायची, दुःख.

मंगल नावाची एक मुलगी होती. वडील गुळाच्या अड्ड्यावर हमाल. अंगानं किरकोळ, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल असा. चौथ्या-पाचव्या दिवशी ती उभी राहिली.

"बाई, बाजलं म्हंजी कष्टकरी मानूस व्हय?"

"हो."

"आन मग बाजलं म्हंजी काय?"

"आत्ता सांगितलं ना?"

"ते मानसाचं सांगितलासा. मी बाजल्याचं इचारतोय. ते कुठं गेलं?"

वर्ग हसला. मला वाटलं, ती माझी थट्टा करते. मी तिला शब्दार्थ दहा वेळा लिहून आणायला सांगितले आणि शाळा सुटेपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभं केलं. ती उभी राहिली. तिच्या पाठीवर दोन वेण्या, एकीला लाल रिबन, दुसरीला चिंधी. आता मला नातवंडं आहेत, गुडघे दुखतात, आणि कधी कधी दुपारी डोळा लागता लागता ती पाठ दिसते. तिनं विचारलेला प्रश्न त्या अख्ख्या वर्गातला एकमेव शहाणा प्रश्न होता.

त्याच संध्याकाळी मी गोठ्यात बसून कविता घोकत होते. गोठा म्हणजे घराचाच पुढचा भाग. मधे फक्त एक लाकूड आडवं. धाकट्या म्हशीचं रेडकू नुकतंच बाजूला बांधलेलं आणि आबा धारेला बसलेले. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तिचा आवाज बारीक, टणक असतो. तळ भरला की तोच आवाज जाड होतो, मऊ होतो, आणि फेस चढला की घुर्र, घुर्र, असा लांबून आल्यासारखा येतो. त्या आवाजावर मी लहानपणी कितीतरी वेळा बसल्या जागी झोपलेय. त्या आवाजातच मी म्हणत होते, धनी आला धारेला. तर आवाज थांबला.

"काय म्हनलीस? कशाची धार?" आबा म्हणाले.

"बाजल्याची. कविता हाय, आबा. बाजलं चरायला गेलं, संध्याकाळी घरला आलं, धन्यानं धार काढली तर झोप निघाली."

आबांनी म्हशीच्या पोटाला डोकं टेकवलेलं होतं, ते काढून माझ्याकडं बघितलं. "आन रेडकू कुठाय?"

"कुनाचं?"

"बाजल्याचं. रेडकू लावल्याबिगर पान्हा कसा सोडला त्येनं?"

"आबा, खोटं हाय ते सगळं. बाजलं कधी चरतंय व्हय?"

"खोटं हाय ते मला कळतंय की ग. शाळंत न्हाय गेलो म्हनून एवढंबी कळत न्हाय व्हय? मी इचारतोय रेडकू कुठाय."

मी जरा चिडूनच त्यांना समजावून सांगितलं. बाजलं म्हणजे बाजलं नव्हे, बाजलं म्हणजे कष्टकरी माणूस.

"कोन मानूस?"

"कुनीबी. तुमीच समजा."

आबांनी थोडा विचार केला. "मी कवा चरायला गेलतो?"

चुलीपासनं आई म्हणाली, "माझ्या भावाच्या लग्नात गेलतासा की. दोन पंगतींला बसलासा."

आबा हसले, म्हशीच्या पोटाला पुन्हा डोकं टेकवलं आणि धार पुन्हा सुरू झाली. हसणं संपल्यावर मात्र, माझ्याकडं न बघता, ते हळू म्हणाले, "बघ, पुस्तकात असंल कुठंतरी. येवढं लिवनारा मानूस रेडकू इसरायचा न्हाय." मी पुस्तक चाळल्यासारखं केलं. आटलेली थोरली म्हैस शेजारी उभी होती. ह्या माणसानं चार महिने तिच्या मागं बसून त्याच एका प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं, आणि मी त्याला सांगत होते की बाजलं म्हणजे तुम्हीच. मला एकदम माझ्या फळ्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी ओलं फडकं घेऊन शब्दार्थ पुसले, भावार्थ पुसला. मंगलनं दहा वेळा लिहून आणलेली वही पुढं केली, ती मी मिटून तिला परत दिली. "काल मी चुकीचं सांगितलं," मी म्हणाले. "बाजलं म्हणजे बाजलंच."  "आता मला एक सांगा. ह्या बाजल्याचं रेडकू कुठं आहे?"

 पोरं माझ्याकडं बघत राहिली, बाईंना बरं नाही की काय असं. मग मागच्या रांगेतून एक दूधवाल्याचा मुलगा म्हणाला, "गोठ्यात बांधलं असंल. चरायला न्हेत नसत्यात त्येला."

"पन कसलं असंल?" शेजारच्यानं विचारलं.

"पाट," मंगल म्हणाली. "पाट हाय त्येचं रेडकू. बुटका असतोय बघा, भुईला टेकलेला."

"पाटाला पाय कुठं असत्यात?"

"ल्हान हाय म्हनून. मोठा झाला की फुटत्यात."

"मग चौरंग?"

"चौरंग म्हंजी वरसाचं रेडकू झालं."

त्या दिवशी भूगोल झाला नाही. बाजल्याला शिंगं असतात का? नसतात, म्हणून तर ते कुणाला मारत नाही. दावं कुठं बांधायचं? डोक्याकडच्या माचव्याला, म्हणजे पायाला. पायथ्याकडच्याला बांधलं तर लाथ मारील. सुंभ ढिलं पडलं म्हणजे बाजलं उपाशी आहे, त्याला कुंदा घालायचा. मी मधूनच एखादा प्रश्न टाकायची आणि मागं सरायची. झोपेला साय येते का, मी विचारलं. "येती की. दुपारची झोप म्हंजी साय." आणि झोपेत कुणी पाणी घातलं तर? यावर एक पोरगा लगेच उठला. "तसली झोप आमच्या आज्जाला घालत्यात. सारखा जागा हुतोय." खिडकीतून वारं येत होतं, कवडसे सरकत होते, आणि मी खुर्चीवर बसून चाळीस पोरांनी मिळून एक गाव उभं केलेलं बघत होते. त्या गावात प्रत्येक गोष्ट खोटी होती, पण एकही गोष्ट बिनहिशेबी नव्हती. पाटाला पाय फुटत होते, पण रेडकाशिवाय पान्हा सुटत नव्हता. मला कॉलेजात चार वर्षांत न कळलेलं काहीतरी तिथं कळत होतं, आणि त्याला नाव द्यायची मला गरज वाटत नव्हती.

हेडमास्तर दारात आले. त्यांनी कोरा फळा बघितला. मला बाहेर बोलावून म्हणाले, "बाई, शब्दार्थ पुसलेत?"

"पुसले."

"साहेबांनी अर्थ विचारला तर?"

"मुलं सांगतील."

"मुलं काय सांगणार? पाटाला पाय फुटतात म्हणतायत मुलं. मी व्हरांड्यातून ऐकलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या भल्यासाठी सांगतो. लिहून द्या पुन्हा. चार ओळी असल्या तरी चालतील."

खडू हातात घेऊन मी फळ्यापाशी गेले. साहेब येणार होते, घरी आटलेली म्हैस होती, आणि चार ओळी लिहून द्यायला माझं काहीच जात नव्हतं. मी मागं वळून बघितलं तर मंगल माझ्या हातातल्या खडूकडं बघत होती. मी खडू ठेवून दिला. धीर वगैरे काही नव्हता तो. पुन्हा ते "कुंदा म्हणजे दुःख" त्या पोरांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

तपासणीच्या दिवशी पोरं तेल लावून, धुतलेले कपडे घालून आली. साहेब सकाळी येणार होते. अकरा वाजले, बारा वाजले, डबे खाऊन झाले, तीन वाजले. मागून निरोप आला की ते बहुधा आज येत नाहीत, कागलकडच्या शाळांनाच वेळ लागला. पोरं ताठ बसून बसून आंबून गेली होती. मी म्हणाले, "चला, कविता खेळूया." फळा पुसल्यापासून आम्ही रोज खेळायचो तशीच. मंगल वर्गाच्या मधोमध दोन हात, दोन गुडघे टेकून बाजलं झाली. पाट म्हणून एक बारकी पोरगी तिच्या पोटाला ढुसण्या देऊन बाजूला झाली. धनी झालेल्या मुलानं खडूच्या रिकाम्या खोक्यात धार काढली, तोंडानं आवाज करत, आधी बारीक, मग जाड. मग दौतीच्या टोपणानं माप घालत तो रांगेरांगेतून फिरला. ज्याला माप मिळालं तो निजला. राजा निजला, घोडा निजला. घड्याळ झालेला पोरगा कोपऱ्यात दोन हात बारावर धरून उभा होता, त्याचे हात हळूहळू साडेसहावर आले आणि तोही भिंतीला टेकला. पहिल्यांदा खोटं घोरणं होतं. मग ते थांबलं. वारं आत येत होतं. सकाळपासून ताटकळलेली पोरं, त्यातली निम्मी खरंच निजली असावीत. वर्गात नुसता श्वासांचा आवाज, तळ्याच्या काठाला लहान लाटा लागतात तसा. माझ्याही पापण्या जड झाल्या. मी डोळे मिटले नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दारात माणसं कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

हेडमास्तर होते, आणि त्यांच्या पुढं काळा कोट, टोपी, काखेत छत्री असा एक सडपातळ माणूस. हेडमास्तरांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं. ते "बाई..." म्हणाले आणि साहेबांनी त्यांच्यापुढं हात आडवा धरला. मी उठून उभी राहिले.  साहेबांनी छत्री दाराशी टेकवली आणि निजलेल्या पोरांमधून, कुणाच्या हातावर पाय पडणार नाही असं बघत, मधोमध गेले. मंगलपाशी उकिडवे बसले.

"सगळे झोपलेत," ते हळू आवाजात म्हणाले. "तू का जागी?"

मंगल हलली नाही. चारी पायांवर तशीच. "मी बाजलं हाय."

"असं. धार काढून झाली का?"

"झाली. आटलो आता."

साहेबांनी कोटाच्या खिशातून पुस्तक काढलं, पान शोधलं. "ह्या कवितेतून काय बोध मिळतो?"

हाच तो प्रश्न. सगळ्या तपासण्यांत हाच विचारतात. ह्याच्याच उत्तरासाठी मी चार ओळी लिहून द्यायला हव्या होत्या.

"बोध न्हाय, सायेब," मंगल म्हणाली. "झोप मिळती."

हेडमास्तरांना खोकला आला. साहेबांनी बोट शेवटच्या ओळीवर आणलं. मग म्हणाले, "शेवटी लिहिलंय, बाजल्याला निजायला ठाव नाही. मग त्यानं काय करायचं?"

हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या ओळीशी आम्ही रोज थांबायचो आणि घंटा व्हायची. मंगल उठून मांडी घालून बसली, हाताला लागलेली धूळ परकराला पुसली, आणि विचार करायला लागली. एवढा वेळ कुणी विचार केलेला मी वर्गात बघितला नव्हता.

"आय सकाळी आंथरलेली वाकाळ काढती," ती म्हणाली, "आन बाजलं उभं करून भितीला टेकवती. सगळी उठल्यावर. तवा निजतंय ते. उभ्यानं." साहेब काही बोलले नाहीत, म्हणून तिला वाटलं त्यांना पटलं नाही. "टांग्याचं घोडं न्हाय का निजत उभ्यानं? तसं."

साहेब उठले. गुडघे मोडल्याचा आवाज आला. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत?"

हो म्हणणं सोपं होतं. हेडमास्तर त्यांच्या पाठीमागून मान हलवत होते, हो म्हणा म्हणून. पण ती मुलगी तिथंच बसून ऐकत होती.

"नाही," मी म्हणाले. "हे मलाही आत्ताच कळलं."

"अर्थ लिहून दिला नव्हता?"

"दिला होता. चुकीचा होता. पुसला."

"हं," साहेब म्हणाले. त्यांनी छत्री उचलली आणि पाचवीकडं गेले. पोरांतली काही जण एक डोळा उघडून बघत होती, काही खरंच घोरत होती.

शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि शेऱ्याचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: 'तपासणीच्या वेळी इयत्ता चौथीचा वर्ग झोपलेला आढळला. तो कवितेचाच भाग होता. कविता मुलांना समजली आहे. शिक्षिका चूक कबूल करतात.' खाली सही. मी तीनदा वाचलं.

"इतकी वर्षं शेरे वाचतोय," हेडमास्तर म्हणाले, "पण हा चांगला आहे का वाईट, मला कळेना."

मलाही कळेना. घरी गेल्यावर मी आबांना तो शेरा शब्दाशब्दानं सांगितला. त्यांनी विचारलं ते फक्त एवढंच, की पोरीनं काय उत्तर दिलं. मी सांगितलं. ते वैरण घालता घालता थांबले आणि म्हणाले, "कुनाची पोर म्हनायची ही?" मी म्हणाले, गुळाच्या अड्ड्यावरच्या हमालाची. "हुशार हाय," ते म्हणाले, आणि पेंढी सोडायला लागले. एप्रिल संपला. मे महिनाभर घरात पुन्हा कुणी काही बोललं नाही.

जूनमध्ये हेडमास्तरांनी बोलावून मला हजेरीच्या मस्टरवर सही करायला सांगितली. मी त्या शाळेत राहिले, पुढं ट्रेनिंग केलं, कायम झाले आणि निवृत्त होईपर्यंत चौथीलाच शिकवलं. आमच्या भावकीतली मी पहिली बी.ए. आणि पहिली शिक्षिका.